रिकामा माणूस

पौषातली सकाळ होती. आमच्या चांदूर बाजारात त्या दिवसांत ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. मुलगा ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसला होता. हातात ना मोबाईल, ना पेपर. नुसता समोर बघत बसलेला. पुण्यातली त्याची नोकरी गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली. कंपनीने एका दिवसात बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यात हाही होता. तेव्हापासून तो इथेच आहे. मी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आलो, त्याला तसा बसलेला पाहिलं आणि तोंडातून शब्द निघून गेला, ‘काय रे, रिकामटेकड्यासारखा बसला आहेस?’

तो काही बोलला नाही. खुर्ची उचलून आत गेला. दारात त्याची आई गहू निवडत बसली होती. सुपावरची मान वर न करता ती म्हणाली, ‘मी बी त रिकामीच हावो नं. पस्तीस वर्षं झाले. मले त कधी म्हटलं नाई तुमी!’

वाचकहो, तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द पाठ करून घेतले. ‘रिकामा’ या शब्दाचा अर्थ मात्र त्या दिवशी मला नीट सांगता आला नसता.

आमच्या वऱ्हाडात हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येतो. ‘कायले रिकामा तरास देतं?’, ‘रिकाम्या गोठी करू नोको’, ‘रिकामाच गेलो न् रिकामाच आलो’. भांडं रिकामं, खिसा रिकामा, घर रिकामं, तसा माणूसही रिकामा. त्यातही दोन तऱ्हा आहेत. पानठेल्यावर कोणी विचारलं, ‘सध्या काय करून राह्यला?’ आणि आपण म्हणालो, ‘काही नाही, रिकामाच हावो,’ तर ती नुसती माहिती असते. तेच दुसऱ्याने आपल्याविषयी म्हटलं, ‘त्याचं काय, तो रिकामाच असते,’ की तो निकाल होतो. शब्द तोच. बोलणारं तोंड तेवढं बदललं.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलगाच म्हणाला, ‘बाबा, आमच्या कामात बुडापेस्टची काही माणसं होती. त्यांच्याकडे आळशी माणसाला एक शब्द आहे. नॉपलोपो.’ मी विचारलं, म्हणजे काय? ‘नॉप म्हणजे दिवस. लोपो म्हणजे चोर. दिवस चोरणारा.’ मग भाजी वाढून घेत तो म्हणाला, ‘आणि नॉपचा दुसरा अर्थ सूर्य. मी त्या दिवशी ओट्यावर तेच करत होतो.’

हंगेरियन भाषेचा आणि माझा या जन्मात संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण मराठीच्या मास्तराला शब्द सापडला की स्वस्थ बसवत नाही. आपल्याकडेही चोर आहेच, तो म्हणजे कामचोर. फरक चोरीच्या मालात आहे. कामचोर मालकाचं काम चोरतो, म्हणून त्याच्यावर ओरडतो तो मालक. दिवस मात्र कोणा एकाच्या मालकीचा नाही. तो चोरणाऱ्याला पकडणार कोण? हंगेरीत एका काळात सरकारच पकडत असे. तिथल्या साम्यवादी राजवटीत काम टाळणं हा गुन्हा होता, आणि अशा माणसासाठी कायद्यात समाजाला धोकादायक कामचुकार अशा अर्थाचा शब्द होता. १९८९ मध्ये राजवट बदलताना ते कलम गेलं. शेजारच्या सोव्हिएत रशियात तर जोसेफ ब्रॉडस्की या कवीला १९६४ साली ‘ऐतखाऊपणा’च्या आरोपावरून कोर्टात उभं केलं. कविता लिहिणं हे काम आहे की नाही, हा खटल्यातला खरा प्रश्न होता. कोर्टाने नाही असं ठरवलं आणि त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी देऊन उत्तरेकडे धाडलं. दीडएक वर्षाने त्याची सुटका झाली. पुढे १९८७ मध्ये त्याच कवितांसाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

एवढ्या लांब कशाला जायचं! आपल्या ‘ऐदी’ या शब्दाची हकिगत काही कमी नाही. ऐदी म्हणजे पक्का आळशी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा शब्द मुळात शिपायांचा. अकबराच्या पदरी ‘अहदी’ नावाचे घोडेस्वार होते. अरबी ‘अहद’ म्हणजे एक, त्यावरून हे नाव. एकेकटे भरती झालेले, कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाचे चाकर. त्यांचा बक्षी वेगळा, दिवाण वेगळा, पगार साध्या स्वारापेक्षा पुष्कळ जास्त. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फझलने त्यांच्याविषयी मोठ्या मानाने लिहिलं आहे. मोठी गरज पडली की त्यांना बोलवायचं, एरवी त्यांनी बसून पगार खायचा. कोशकार असंही सांगतात की, सारा थकवणाऱ्या जमीनदाराच्या दारात त्यांना नेऊन बसवत, आणि वसुली होईपर्यंत ते हलत नसत. बसणं हेच त्यांचं काम! लोकांनी त्यांना बसलेलंच पाहिलं आणि नाव उचललं. बादशाही गेली, घोडे गेले, मान गेला. मराठीत उरला तो ऐदी.

गंमत अशी की, ज्या ‘ऐन’मध्ये या अहदींची हकिगत आहे, त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचंही प्रकरण आहे आणि सुभ्याचं मुख्य ठिकाण म्हणून एलिचपूरचं, म्हणजे आमच्या शेजारच्या अचलपूरचं, वर्णन आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं. त्यानंतर अचलपूरच्या वाटेने जाणारा एखादा अहदी आमच्या भागातल्या कुठल्याशा झाडाखाली दुपारी आडवा झाला असेल, आणि वावरातून परतणाऱ्या कास्तकाराने त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं असेल, असं मला उगाच वाटतं. याला पुरावा मागू नये.

म्हणींचं पाहा. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.’ ही म्हण मी किती वर्गांना समजावून दिली असेल! तुंबडी म्हणजे अंगातलं दूषित रक्त ओढून काढायची नळी, हे सांगितलं की पोरं हसायची आणि मी पुढच्या म्हणीकडे वळायचो. आता वाटतं, तो न्हावी आळशी कुठे होता? त्याच्या दारी त्या दिवशी कोणी आलं नव्हतं, एवढंच. हत्यारं हातात होती, कसब होतं, गिऱ्हाईक नव्हतं. हात गप्प बसेनात, म्हणून बिचारा भिंतीवर सराव करत राहिला. आणि ज्यांनी त्याला त्या दिवशी काम दिलं नाही, त्यांनीच त्याच्यावर म्हण केली. सुताराच्या रिकामपणावरही एक म्हण आहे. ती इथे छापण्याजोगी नाही. ओट्यावर लोडाला टेकून पानाचा डबा पुढे घेणाऱ्या वतनदाराच्या रिकामपणाला मात्र आपण ‘निवांतपणा’ म्हणत आलो. निवांत, आराम, विसावा, स्वस्थ बसणं, हे सगळे चांगले शब्द ज्याच्या घरात दाणे आहेत त्याच्यासाठी राखलेले दिसतात.

तिसरा शब्द ‘बेकार’. हा माझ्या स्वतःच्या अंगावर तीन वर्षं होता. फारसीत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘कार’ म्हणजे काम. ज्याला काम नाही तो बेकार, अर्थ इतका सरळ. पण आजची मुलं म्हणतात, ‘पिक्चर एकदम बेकार होता.’ म्हणजे वाईट, टाकाऊ. काम नसलेला माणूस आणि काही कामाचा नसलेला माणूस यांच्यातली भिंत भाषेने कधी पाडली, ते कळलंच नाही.

मी १९८४ साली बी.एड. झालो. नोकरी लागली १९८७ ला. मधली तीन वर्षं मी ‘सुशिक्षित बेकार’ होतो. हे दोन शब्द त्या काळी पदवीसारखे जोडून येत. नाव नोंदवल्याचं कार्ड होतं, त्याचं नूतनीकरण करायला एस.टी.ने अमरावतीला जायचं, रांगेत उभं राहायचं, शिक्का घेऊन परत यायचं. जाहिरात आली की अर्ज, मग मुलाखत, मग वाट पाहणं. मी बस स्टँडवरून घरी येताना मुद्दाम मागच्या गल्लीने येत असे, कारण पुढच्या चौकात पानठेला होता आणि तिथे तो प्रश्न होता. ‘काय गुरुजी, लागलं का कुठी?’ अजून न झालेल्या नोकरीची ती पदवी मला ठेचेसारखी लागायची. लोक वाईट नव्हते. त्यांना दुसरं विचारायचं काय, हेच सुचत नसे.

त्या तीन वर्षांत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकदाही ‘रिकामा’ म्हटलं नाही. आमची संत्र्याची थोडी झाडं आहेत. संत्र्याच्या मुलुखात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. संत्र्याच्या झाडाला ताण द्यावा लागतो. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, आमच्यासारख्या काळ्या भारी जमिनीत त्याहून जास्त दिवस. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली. झाड मात्र त्या दिवसांत आपल्या फांद्यांत अन्न साठवत असतं. मग अंदाज घेऊन आधी हलकं पाणी द्यायचं आणि ताण तोडायचा. काही दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते, आणि तो वास रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवतो. ज्यांना मृग बहार हवा ते हाच ताण उन्हाळ्यात देतात आणि पावसाची वाट पाहतात.

कोणी आबांना विचारलं, ‘पोरगं काय करते सध्या?’ की ते तंबाखू मळत म्हणत, ‘ताणावर सोडला हाय. येईन बहार.’ ऐकणारा हसायचा आणि विषय संपायचा. मी त्या वेळी चिडत असे. माझ्या दुःखाची ही काय थट्टा, म्हणून. ती थट्टा नव्हती, मला घातलेलं पांघरूण होतं, हे कळायला स्वतःचा मुलगा ओट्यावर बसावा लागला. आणि कळलं तेही तोंडातून शब्द गेल्यानंतर.

अर्थात, माणूस म्हणजे संत्र्याचं झाड नव्हे. ताण किती दिवस द्यायचा याला हिशेब असतो, तो लांबला तर झाड वाळतं. माझ्याबरोबर अमरावतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या एका मित्राला पाणी कधी मिळालंच नाही. वयाची अट उलटली, लग्न लांबलं, पुढे तो लोकांत येईनासा झाला. त्याच्याविषयी बोलताना आजही लोक ‘चांगला शिकेल होता, पन रिकामाच राह्यला’ असं म्हणतात. जणू ते त्यानेच निवडलं होतं.

या बाबतीत आपल्या राज्याने एक शहाणपण दाखवलं होतं, त्याची आठवण ठेवायला हवी. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं महाराष्ट्रभर निघाली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ मध्ये त्याचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडणारी माणसं, उन्हात माती वाहणाऱ्या बाया, हे चित्र आपण पाहिलेलं आहे. कामांतल्या गैरप्रकारांच्या बातम्याही वाचलेल्या आहेत. पण त्या कायद्यातली भाषा पाहा. काम नसलेला माणूस तिथे आळशी नाही, बेकार नाही, तो ‘काम मागणारा’ आहे. आणि त्याला काम देता आलं नाही तर भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली होती. २००५ मध्ये देशासाठी असा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. रिकामपणाची लाज मागणाऱ्याकडून काढून देणाऱ्याकडे नेणारी अशी भाषा मला दुसरीकडे फारशी दिसली नाही.

आमच्या जिल्ह्याची माती कामाच्या बाबतीत तशी कडकच. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. झाडल्याशिवाय भाकर नाही, असा त्यांचा शिरस्ता जुनी माणसं सांगतात. पण याच जिल्ह्यात, आमच्याच तालुक्यातल्या माधानला, गुलाबराव महाराज होऊन गेले. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, ते स्मरणात ठेवायचे आणि आपलं सांगून लिहवून घ्यायचं. १९१५ साली ते गेले तेव्हा वय अवघं चौतीस, आणि मागे शंभराहून अधिक ग्रंथ. एकाच्या हातात खराटा, दुसरा बसून. बसलेल्या माणसाकडे लांबून बघून त्याचं आत काय चाललं आहे, हे कसं ठरवणार?

आता त्या गव्हाच्या सुपाकडे येतो. ते वाक्य मला झोपू देईना, कारण मला १९९१ चा फेब्रुवारी महिना आठवला.

त्या वर्षी जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांकडे होतं. माझ्याकडे आलेल्या भागात आमची गल्लीही होती. प्रत्येक माणसाची वेगळी चिठ्ठी. त्यात प्रश्न होता : गेल्या वर्षात काही काम केलं का? आणि त्या वर्षी प्रश्नाला मुद्दाम पुस्ती जोडली होती, की शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमजुरीने केलेलं कामही धरावं. बायकांचं काम मोजणीतून सुटतं, ते सुटू नये म्हणून ही पुस्ती. प्रशिक्षणात हे आम्हाला नीट बजावलं होतं.

मी दारोदार गेलो. दारात पुरुष भेटायचा. ‘घरची काय करते?’ ‘काही नाही. घरीच असते.’ मी लिहायचो : काम नाही, घरकाम. पुढचं दार. काही ठिकाणी तर ती ‘काही न करणारी’ बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्यासमोरून गोठ्याकडे गेली. मी चिठ्ठी बदलली नाही. संध्याकाळच्या आत पन्नास घरं संपवायची होती.

शेवटी स्वतःच्या घरी आलो. आबांची चिठ्ठी भरली, शेतकरी. माझी भरली, शिक्षक. मग आईची. माझी आई पहाटे उठून म्हैस दोही, दोघांच्या भाकरी बांधून वावरात जाई, निंदणाच्या दिवसांत बायांच्या बरोबरीने पात धरी, कापूस वेची, आणि संध्याकाळी आली की चूल. त्या वेळी ती समोरच चहा ठेवत होती. मी तिला विचारलंसुद्धा नाही. लिहिलं : काम नाही, घरकाम. लग्नाला वर्षही न झालेल्या बायकोच्या चिठ्ठीवर तेच. शाई वाळली, गठ्ठा जमा झाला, देशाच्या हिशेबात माझी आई रिकामी म्हणून नोंदली गेली.

पुढे २००१ ला नियमात आणखी थोडी भर पडली. घरच्यापुरतं दूध काढणं हेही काम धरायचं ठरलं. म्हणजे म्हैस दोहणारी बाई काम करणारी, आणि त्याच दुधाचा चहा करणारी काम न करणारी! अर्थशास्त्रज्ञांकडे याचं कारण असेल. सरकारने २०१९ साली पहिल्यांदाच देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तिच्यात शंभरातल्या ८१ स्त्रिया घरातलं बिनपगारी काम करताना आढळल्या आणि त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. पुरुष आढळले शंभरात २६, आणि त्यांची मिनिटं ९७. हा आकडा मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘सत्त्याण्णव? कोणाच्या घरी?’

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात आणि त्याच्या कानात म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी बैलाला औत नाही, गाडी नाही, पुरणपोळी आहे. बाजाराच्या दिवशी मजुराचा चुकारा होतो आणि वावर बंद असतं. बैलाला दिवस आहे, मजुराला वार आहे. बैलाची ती पुरणपोळी लाटणारीला कोणता दिवस, हे पंचांगात मी शोधलं. सापडलं नाही.

मुलाची माफी मी शब्दांत मागितली नाही. आमच्या पिढीला ते जमत नाही. एके दिवशी त्याला वावरात घेऊन गेलो. बाग ताणावर होती. पानं मलूल झालेली पाहून तो घाबरला. मी त्याला आबांचं ते वाक्य सांगितलं. तो हसला, पण लगेच म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला तीन वर्षं लागली. मी इतका वेळ नाही थांबू शकत, हप्ते आहेत.’ खरं आहे. त्याचे अर्ज चालू आहेत. दिवसभर आत बसून तो कसल्या परीक्षा देत असतो, ते मला समजत नाही. पण दार लोटलेलं दिसलं की मी आवाज न करता परत फिरतो. सकाळी मात्र तो पुन्हा ओट्यावर उन्हात बसू लागला आहे. परवा मीही दुसरी खुर्ची नेऊन टाकली. दोघं चोर शेजारी शेजारी.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. आमच्या गल्लीत मोजणीला येईल तो बहुधा माझाच कोणी विद्यार्थी असेल, आणि सवयीप्रमाणे तो मलाच विचारेल. मी हे जेवताना बोलून गेलो. बायकोने भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘त्या दिवशी तुमी आत बसजा. मी बोलतो त्याच्यासंग.’